वापरात नसलेली स्मशानशेड

नोकरी काय होती, असं कोणी विचारलं की माझ्या आधी माझी बायको उत्तर देते. "दुसऱ्यांची गटारं बघत हिंडायचे." तिचं अगदीच चूक नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली बरीचशी गटारांच्या काठावर उभं राहून झाली.

काम समजायला सोपं आहे. ग्रामपंचायतीला वरून निधी मिळतो. कधी दिल्लीचा, कधी मुंबईचा, कधी जिल्ह्याचा. गाव ग्रामसभेत मागणी करतं, अभियंता अंदाजपत्रक काढतो, निविदा निघते, ठेकेदाराला काम मिळतं, काम होतं, बिल निघतं. मग पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी बघायला कोणी यावं तसा मी यायचो. काम झालंय का, जिथे व्हायचं तिथेच झालंय का आणि लोक ते वापरतात का, हे आपल्या डोळ्यांनी बघून वर कळवायचं. मी कळवल्याशिवाय गावाचं पुढचं काम सुटत नसे. त्यामुळे गावात शिरलो की मला चहा फार मिळायचा आणि खरं फार कमी.

शहापूरकडच्या एका गावात वाचनालय मंजूर झालं होतं. गेलो तर आत शेळ्या. सरपंच म्हणाले, "सायब, पुस्तकां आली का शेळ्या काढू." शेळ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, पुस्तकं आली नाहीत. कसाऱ्याकडच्या एका पाड्यावर एसटीचा निवारा बांधला होता, पण त्या रस्त्याला एसटी जन्मात गेली नव्हती. पाड्यावरची माणसं तिथे बसून लग्नं ठरवत. मी "वापरात आहे" असं लिहिलं आणि आजही म्हणतो की बरोबर लिहिलं. एका ठेकेदाराने रस्त्याखालची एकच मोरी दोन कामांत दाखवली, एकदा पिवळा रंग देऊन आणि एकदा निळा. पण दोन्ही फोटोंत मागे तीच एक शिंग मोडलेली म्हैस उभी होती. म्हशीला रंग द्यायचं त्याला सुचलं नाही.

असे किस्से सांगितले की मंडळी हसतात. सावरखिंडीचं मात्र मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती ते इथेच पहिल्यांदा वाचेल आणि मग माझं काय होईल ते होवो. गावाचं नाव मी बदललंय, माणसांचीही.

सावरखिंड मुरबाडहून शेअर जीपने जायचं गाव. वर गाव आणि खाली ओहोळाच्या अंगाला वाडी. गावात भातशेतीवाली, पिढ्यान् पिढ्यांची घरं. वाडीवर ज्यांच्या नावावर कधी चटईएवढी जमीन झाली नाही अशी मजुरीवाली घरं. सरपंचपद आरक्षणात वाडीकडे गेलं आणि सुगंधा सरपंच झाली. तिशीची बाई, लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात वाकणारी. ती पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आली तेव्हा मी सवयीने विचारलं, "काय, रस्ता का?"

"रस्ता नाय दिला तरी चालंल, सायब. जळायला कोरडी जागा द्या."

टेबलावर रोज माणसं हायमास्टचे दिवे मागायची, पेव्हर ब्लॉक मागायची. हे मागणारी तीच पहिली. मी तिला बसायला सांगितलं.

"माजा सासरा आषाढात गेला," ती म्हणाली. "गाववाले आपापल्या शेतावर जाळतात. आमाला शेत कुठं? आमी ओहोळाच्या काठी. सरण रचला, वरून चौघांनी पलास्टिक धरला. पलास्टिक वितळला, हात भाजले, सोडला. मंग पाऊस. अर्धा जळला नि इझला. तवर ओहोळाला पाणी आला."

पुढचं मी न विचारता समजलो. मग ती म्हणाली, "सासूने बघला तो सगळा. पाऊस लागला का तिला झोप नाय. एकच बोलते, मला पावसात नका जाळू."

सासूचं नाव बुधीबाय. तेव्हाच तिची छाती भरून यायची, धाप लागायची. म्हणजे घाई होती.

मी फाइल पळवली. असं मी फार थोड्या वेळा केलं. निधी मिळाला, निविदा निघाली, बाहेरगावच्या एका ठेकेदाराने काम घेतलं आणि वाडी आणि गाव यांच्या मधल्या माळावर शेड उभी राहिली. चार खांब, वर पत्रे, खाली कोबा, मधोमध सरण रचायचा लोखंडी सांगाडा. बाजूला माहितीचा फलक. फलकावर अधिकाऱ्याचा फक्त हुद्दा लिहायचा असतो. ठेकेदार कोणत्या आनंदात होता कोण जाणे, त्याने रंगाऱ्याकडून माझं अख्खं नाव लिहून घेतलं. सदाशिव घरत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या तपासल्या, आपलं नाव कुठे रंगलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बांधलेल्या कामांची वापर-तपासणी लागली. एप्रिलच्या रणरणत्या दुपारी मी सावरखिंडीला गेलो. ऊन डोक्यावर म्हणून छत्री घेतली होती. बरोबर ग्रामसेवक गीते. हा मूळचा बीडकडचा, शिकलेला, हुशार, मोबाइलवर चटाचट काम करणारा मुलगा.

शेड लांबूनच दिसली आणि मला काहीतरी खटकलं. काय ते जवळ गेल्यावर कळलं. माळावर काटेसावरीची झाडं होती, त्यांचा कापूस सगळीकडे उडून पडला होता. गवतात होता, फलकावर होता, गीतेच्या केसांत होता. शेडच्या कोब्यावर मात्र एक तंतू नव्हता. कोणी झाडलं म्हणावं तर झाडूची रेघ नव्हती. गुरं माळावरून रोज जात, त्यांची खुरं शेडच्या अलीकडे वळून लांबचा फेरा घेऊन पुढे गेलेली दिसत होती. वारा पडलेला असतानाही पत्रा मधूनमधून टक् टक् वाजायचा. उन्हाने वाजतो, हे मला माहीत होतं. तरी दरवेळी मी वर बघत होतो.

ओहोळाच्या काठी, शेडपासून हाकेच्या अंतरावर, काळी पडलेली जमीन होती. फार जुनी नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

"भाद्रपदात वाडीवरचा एक म्हातारा वारला सर," गीते म्हणाला. "तिथेच जाळला. पावसात."

"शेड असताना?"

गीतेने खांदे उडवले. आता फोटो काढायचा होता. आमच्या फोटोत कामाबरोबर एक माणूस उभा लागतो. एक तर मापाला बरा आणि दुसरं म्हणजे लोक तिथे येतात-जातात हे दिसतं. मी गीतेला म्हटलं, "उभा राहा आत." तो हसला आणि जागचा हलला नाही. मग म्हणाला, "सर, मुलगी लहान आहे माझी." रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांना हाका मारल्या. त्यांनी ऐकलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

मला हसू आलं, थोडा रागही आला. "आण तो मोबाइल सरळ," म्हणालो आणि मीच आत जाऊन सांगाड्याला हात लावून उभा राहिलो. बाहेर एवढं ऊन, पण लोखंड गार होतं. सावलीत आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. गीतेने फोटो काढला. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, तर वाडीच्या कडेला दहाबारा माणसं येऊन उभी होती. सगळी माझ्याकडे बघत होती.

सुगंधाच्या ओट्यावर पाणी प्यायला बसलो तेव्हा तिने सांगितलं. "खांबाचे खड्डे खोदले तवा कोंबडा द्यायला लागतो, सायब. जागेला. ठेकेदाराची मान्सां भायेरची, त्यांनी नाय दिला. आमाला वाटला त्यांनी दिला, त्यांना वाटला आमी दिला. शेड उपाशी ऱ्हायली."

"मग आता द्या."

"आता नाय चालत. आता ती मान्स मागते. जो घर पयला मान्स देल, त्या घरातली आनखी दोन नेल. भगत बोलला. पयला कोन जानार?"

अंदाजपत्रकात वाळूला जागा असते, खडीला असते, पाण्याच्या टँकरलाही असते. कोंबड्याला नसते. मी आयुष्यात एवढी अंदाजपत्रकं बघितली, कोणी कधी धरला नाही. आणि एका कोंबड्यापायी अख्खी शेड पडून होती.

ओट्यावर उपसरपंच बाळाराम येऊन बसला. गावातला, भातगिरणीवाला. माणूस वाईट नव्हता, हिशोबी होता. म्हणाला, "सायब, कोन वापरीत नाय तं पत्रे सडवून काय करायचा? ग्रामसभेत ठराव घेतो, पत्रे नि अँगल काढून देवलाच्या मंडपाला लावतो. तुमी फक्त लिवा, वापरात नाय."

नियमात ते बसवता आलं असतं. सुगंधा माझ्याकडे बघत होती. आत घरात कोणीतरी खोकत होतं, सारखं, थांबून थांबून. तीच बुधीबाय. या पावसाळ्याच्या पुढे ती जाणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता. मी म्हटलं, "जूनमध्ये परत बघतो. तोवर कोणी पत्र्याला हात लावायचा नाही." आणि एवढं करारी बोलून निघताना छत्री मात्र ओट्यावरच विसरलो.

जूनमध्ये गेलो, पाऊस अजून लागायचा होता. आभाळ नुसतं दाटून थांबलेलं. फाट्यावर जीपमधून उतरलो. तिथला हॉटेलवाला मला नेहमी "या सायब" म्हणून खुर्ची पुसून द्यायचा. त्या दिवशी त्याने चहा केला, पण हातात दिला नाही. कप बाकड्यावर ठेवला आणि मागे सरला. पैसे पुढे केले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडनं नको." शेजारी बसलेला म्हातारा उठून गेला. जाताना त्याने मला हात जोडले, खाली वाकून, डोळे मिटून.

वाटेत डोक्यावर लाकडं घेतलेल्या दोन बायका समोरून आल्या. मला बघून त्यांनी पदर पुढे ओढला आणि वाट सोडून शेतात उतरल्या. वाडीवरची पोरं एरवी "सायब आला, सायब आला" करत मागे लागायची. त्या दिवशी एका आईने पोराला ओढून दार लावून घेतलं. मला वाटलं, पत्र्यांवरून काही राजकारण शिजलं असेल आणि आपलं नाव खराब झालं असेल. आमच्या कामात ते वरचेवर होतं.

गीते शेडपाशी वाट बघत होता. शेडमध्ये राख होती. सांगाड्याखाली व्यवस्थित पडलेली, चांगली ढीगभर. मला हायसं वाटलं. "सुटला प्रश्न," मी म्हणालो. "कोण गेलं?"

"कोणीच नाही सर."

"कोणीच नाही म्हणजे?"

"या दोन महिन्यांत गावात मयत नाही. वाडीवर पण नाही. मी घरोघर विचारलं. विचारलं की लोक गप्प बसतात."

मी मनात हिशोब केला. माणूस मेला नाही आणि सरण जळलं, म्हणजे कोणाला तरी गुपचूप जाळलंय. बाहेरून आलेली एखादी बाई, एखादा मजूर. उद्या पोलीस आले तर पहिला प्रश्न शेड कोणी तपासली हाच. मी काठी घेतली आणि राख उकरली. हाड सापडलं नाही. दात नाही. पेंढ्याची काळी कांडं निघाली, एक शर्टाचं बटण निघालं आणि मग काठीला काहीतरी अडकलं. लोखंडी, बारीक, वाकलेल्या काड्या, एका टोकाला एकत्र बांधलेल्या. मी त्या उचलून बघत राहिलो. काय असावं ते कळेना.

"सायब, ती तुमची छत्री."

मागे सुगंधा उभी होती. ती शेडच्या बाहेर, कोब्यावर पाय न ठेवता उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. "पेंढ्याचा मान्स केला. भगत बोलला, शेडला फसवायला येतो, पन नाव लागतो. नाव नाय घेतला तं आग घेत नाय. गावातला नाव कसा घ्यायचा? मंग पाटी बघितली. पाटीवर माजा नाव, ते नाय चालत. ठेकेदाराचा बघितला तं कंपनी लिवलेली. कंपनीला कशी जाळायची? नि तुमचा नाव. तुमी तवा पयले आत जाऊन उभे ऱ्हायलेले, सगल्यांनी बघितला. तुमची छत्री घरात होती. ती त्याच्या हातात दिली."

"माझ्या नावाने?" मला माझाच आवाज ओळखू येईना.

"दहावा पन केला, सायब. कसर नाय ठेवली. भात ठेवला तं कावला लगेच शिवला."

हे ऐकून मला काय वाटलं, ते उगाच शहाणपणाचा आव न आणता सांगतो. आधी संताप आला. एवढा की मी ती छत्रीची काडी फेकून दिली आणि ओरडलो. सगळ्यांवर कारवाई करतो म्हणालो, कोणत्या कलमाखाली ते देव जाणे. मग एकदम भीती वाटली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्या घरी बायको आहे आणि मुलगा आहे. म्हणजे दोन माणसं.

"आणि माझ्या घरातली दोन?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली, तरी विचारलं.

"ते पन आमी भगताला ईचारला. तो बोलला, सरकारी मान्साला घर नसतो. तो बदलीवर असतो."

गीते फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. मला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

मी निघायच्या तयारीत होतो, तर सुगंधा म्हणाली, "सासूला एकदा भेटा. ती तुमची वाट बघते."

घरात अंधार होता. बुधीबाय भिंतीला टेकवलेल्या गोधड्यांना टेकून बसली होती. आडवं पडलं की तिला श्वास येत नसे. माणूस कसला, कातड्याची घडी. मला बघून ती घाबरली नाही. त्या दिवशी सगळ्या वाडीत न घाबरलेली तीच एक. तिने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं.

"कोरडा हाय ना रे आत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कोरडं आहे, आजी."

"वरून गलत नाय?"

"नाही. पत्रे चांगले आहेत. मी स्वतः बघितलेत."

"मंग बरा," ती म्हणाली. "तू हायेस तिथं. मंग मला भ्याव नाय."

तू होतास असं ती म्हणाली नाही. तू आहेस म्हणाली. मी मनगट सोडवून घेतलं नाही. तिला धाप लागायची आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिची बोटं घट्ट व्हायची. एवढ्या भरवशाने मला आजवर कोणी धरलं नव्हतं आणि ती मला मेलेला समजून धरत होती.

परत आल्यावर मी "वापरात आहे" असं कळवलं. बाळारामने ठरावाचा विषय सोडला, पण म्हणाला, "सायब, पेंढ्याने पोट भरंल का शेडचा? आषाढात कलंल." तो टोमणा नव्हता. त्यालाही खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मुलगा गाडी घेऊन निघाला की मी गॅलरीत जायचो. बायकोला साधा ताप आला, तर तिला कल्याणच्या तीन डॉक्टरांकडे फिरवून आणलं. ती म्हणाली, "एकदम एवढं प्रेम?" आरशासमोर दाढी करताना मी थोडा जास्त वेळ थांबायचो. आहोत की नाही ते बघायला, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा.

आषाढात एका सकाळी सुगंधाचा फोन आला. "सासू गेली. सायब, तुमाला यायला लागंल."

"मी कशाला?"

"या तुमी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पाऊस असा होता की समोरचा डोंगर पुसला गेला होता. फाट्यापासून चालत गेलो, छाती फुटेस्तोवर. ओहोळ काठ सोडून वर आला होता, बुधीबायचा नवरा जिथे जाळला तिथून लाल पाणी घोंघावत जात होतं. माळावर अख्खी वाडी उभी होती आणि गावातलीही माणसं होती. बाळाराम पोत्याची खोळ घेऊन आला होता. शेडमध्ये सरण रचून तयार होतं. कोरडी लाकडं, गोवऱ्या, सगळं. आणि तिरडी बाहेर. पावसात. चौघांच्या खांद्यावर, वरून प्लास्टिक धरलेलं, त्याच्या कडांवरून पाणी धो धो गळतंय. ते चौघे पत्र्यापासून हातभर अंतरावर थांबले होते आणि आत पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं.

"आत न्या ना!" मी ओरडलो. "तिला भिजवताय कशाला?"

भगत पुढे आला. बारकासा, पांढरी दाढी, डोक्यावर इरलं. "सायब, पयला मान्स आतून बोलावतो. मंग दुसरा जातो. पयले तुमी."

"बाबा, मी जिवंत आहे."

"हां," तो शांतपणे म्हणाला. "ते तुमच्या घरी. हितं नाय."

मी सुगंधाकडे बघितलं. तिच्या नवऱ्याच्या हातातल्या मडक्यातला विस्तव धुमसत होता, तो पदराने झाकून ती उभी होती. विस्तव विझला असता तर सगळंच संपलं असतं. प्लास्टिकखालून बुधीबायचे पाय बाहेर आले होते आणि त्यांच्यावर पाऊस पडत होता. त्या पायांकडे बघितलं आणि माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी गळून पडली. मी कोब्यावर चढलो आणि सरणाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

पत्र्यावर एवढा आवाज होता, तरी आत विलक्षण शांत होतं. बाहेरची सगळी माणसं पावसाच्या पडद्यामागे पुसट झाली होती. तीच कुठल्यातरी दुसऱ्या जागी आहेत आणि मी इथला आहे, असं मला क्षणभर अगदी खरं वाटलं. आणि त्याची भीती वाटली नाही.

"या," मी म्हणालो.

कोणी हललं नाही.

"असा नाय," भगत म्हणाला. "नाव घेऊन."

मी तिरडीकडे तोंड केलं. "बुधीबाय," मी मोठ्याने हाक मारली. "ये गो आत. कोरडा हाय. गलत नाय कुठं. मी हाय हितं."

ते चौघे एकदम आत आले.

अग्नी दिला. लाकडं चांगली होती, पेटायला वेळ लागला नाही. मग रीतीप्रमाणे सगळे वळले. मयत जाळून निघालं की मागे बघायचं नसतं. माणसं एकामागे एक पावसात उतरली, सुगंधा, तिचा नवरा, बाळाराम, गीते. मीही निघालो, तर भगताने हात आडवा केला.

"तुमी ऱ्हावा, सायब. तिला एकटीला नको वाटाय."

मी राहिलो. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या, एकानेही वळून बघितलं नाही. बघता बघता माळ रिकामा झाला. मी खांबाला टेकून बसलो आणि मधूनमधून सरणातली लाकडं काठीने आत सारत राहिलो. पाऊस दिवसभर कोसळत होता, चारही बाजूंनी. बुधीबाय सावकाश, नीट, पूर्ण जळली. तिच्यावर एक थेंब पडला नाही.